पडद्याकडून पानाकडे : विश्राम बेडेकर
(पांढुर्णा येथे शिक्षक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



‘चित्रपट आणि कादंबरी’ हा विषय मला दिला आहे. विषय मोठा आहे. मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे, आणि तो आपल्या शेजारचा आहे. विश्राम बेडेकर १९०६ साली अमरावतीत जन्मले. वरूडमार्गे अमरावतीला आपण आजही सहज जाऊन येतो. १९५६ पर्यंत तर आपले आणि अमरावतीचे राज्य एकच होते, राजधानी नागपूर. मग मध्ये सीमा आली.

बेडेकर आधी नाटककार. ‘ब्रह्मकुमारी’ हे त्यांचे नाटक १९३३ चे. बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. बलवंत मंडळीही सिनेमाकडे वळली. १९३४ च्या ‘कृष्णार्जुन युद्ध’ या चित्रपटाचे दिग्दर्शन चिंतामणराव कोल्हटकरांबरोबर बेडेकरांनी केले. त्यात दीनानाथ मंगेशकर होते. पुढे ‘ठकीचे लग्न’ आणि ‘लक्ष्मीचे खेळ’ आले. १९३८ मध्ये मालतीबाईंशी, म्हणजे ‘विभावरी शिरूरकरां’शी, त्यांचा विवाह झाला. त्यानंतर चित्रपटकला शिकायला ते इंग्लंडला गेले.

परतीच्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू होते. गेले होते सिनेमा शिकायला आणि घेऊन आले कादंबरी. ‘रणांगण’ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली.

कथा थोडकी आहे. चक्रधर मायदेशी परततो आहे. हॅर्टा या ज्यू तरुणीला मायदेशच उरलेला नाही. मुंबईला तो उतरतो. तिला उतरता येत नाही. बोट तिला घेऊन पूर्वेकडे जाते. मग तिची पत्रे येतात आणि शेवटी तिच्या मृत्यूची वार्ता.

ही कादंबरी मी अनेक वर्षे शिकवत आले. खरे सांगायचे तर मुद्दे शिकवत आले : युद्धविरोध, मानवतावाद, विफल प्रेम. फळ्यावर तीन मुद्दे, परीक्षेत तीन मुद्दे. एकदा सौंसरकडचा एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. तो मोबाइलवर छोट्या फिल्मा बनवायचा. म्हणाला, “मॅडम, याच्यात लेखक रडत नाही जी. तो फक्त दाखवते.”

माझ्या सगळ्या टिपणांत हे वाक्य नव्हते. त्या काळच्या लोकप्रिय कादंबरीला वर्णनाचा आणि सुभाषितांचा सोस होता. बेडेकर तिथे छोटी, कोरडी वाक्ये लिहितात. कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाला ठाऊक असते की पात्र दारातून गेले हे दिसले, तर ‘त्याला दुःख झाले’ असे वेगळे सांगावे लागत नाही. चित्रपटाने त्यांना काय गाळायचे ते शिकवले, असे मला वाटते. पण कादंबरीने जे दिले ते पडद्याकडे नव्हते. चक्रधर स्वतः बोलतो, आणि त्याच्या बोलण्यातूनच त्याचा कोरडेपणा, त्याची टाळाटाळ आपल्याला कळते. माणूस स्वतःला कसा फसवतो हे कॅमेऱ्यापेक्षा ‘मी’ हा शब्द जास्त जवळून दाखवतो.

पुढे बेडेकर पुन्हा चित्रपटाकडे गेले. १९४५ च्या ‘लाखाराणी’त त्यांच्या हाताखाली तरुण गुरुदत्त होते. १९६३ मध्ये ‘रुस्तुम सोहराब’ आला. दुसरी कादंबरी मात्र त्यांनी लिहिली नाही. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र आले १९८४ मध्ये; त्याला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चित्रपटकार कादंबरीकार झाला, असे आपण म्हणतो. मला वाटते, त्यांनी घर बदलले नाही. जी गोष्ट ज्या माध्यमात मावेल त्यात ती सांगितली. एका कादंबरीवर कादंबरीकाराचे नाव टिकते, हेही त्यांनीच दाखवले.

आता त्या मुलाबद्दल. त्याने एकदा कथा लिहून आणली होती. घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळा हिंदीची. त्यामुळे ‘तो करते’, ‘तो जाते’ अशी वाक्ये कथाभर होती. मी प्रत्येक ठिकाणी लाल शाईने खूण केली. कथा कशी आहे, ते सांगायचे राहून गेले. त्याने पुन्हा कथा आणली नाही. फिल्मा बनवत राहिला. कॅमेरा व्याकरण विचारत नाही.

बेडेकर पडद्याकडून पानाकडे आले. आमचा हा मुलगा पानावरून पडद्याकडे गेला, आणि त्याला तिकडे माझ्या लाल शाईने पाठवले. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. त्यात सौंसरही आले. नवा जिल्हा आपले कार्यालय उभारील, पण इथल्या मराठीला लिहिती माणसे आपणच देऊ शकतो. शिक्षकांना माझी विनंती आहे, प्रमाण भाषा जरूर शिकवा, मीही शिकवीनच. पण मुलाची वही हातात आली की आधी गोष्ट वाचा, मग क्रियापद. आणि विद्यार्थ्यांनो, मोबाइलमध्ये जे मावले नाही ते कागदावर लिहून आणा. या वेळी मी आधी वाचीन.