चेहरा नसलेला चोर

चोराच्या गोष्टीची गोडी मनुष्यमात्राला उपजतच असते, हें मास्तरकीच्या पहिल्या वर्षींच माझ्या ध्यानांत आलें. माझें गांव मुरबे. पालघर जिल्ह्यांत, सातपाटीसमोर, खाडीच्या पलीकडचें. वर्गांत बहुतेक मुलें मच्छीमारांचीं. वाल्या कोळ्याची गोष्ट निघाली कीं तीं सारीं ताठ बसत. आणि वाल्याचा वाल्मीकि झाला कीं मागल्या बांकांवर जांभया सुरू! चोर साधु झाल्याचा आनंद काय तो शिक्षकाला. मुलांना हवा असतो तो चोर.

ही आठवण होण्याला कारण झाला एक बोलपट, आणि त्याहूनही अधिक, त्या बोलपटावर त्याच्या दिग्दर्शकाच्या भक्तांनीं धरलेला रुसवा. मायकेल मॅन हा अमेरिकन दिग्दर्शक 1943 सालीं शिकागो शहरीं जन्मला. चोर आणि चोर पकडणारे हाच त्याच्या आयुष्याचा व्यासंग. त्याच्या 1981 सालच्या चित्रपटाचें नांवच 'थीफ', म्हणजे चोर. पुढें 1995 सालीं 'हीट' आला आणि त्यानें या गृहस्थाला जगभर चाहते मिळवून दिले. त्यांत एक दरोडेखोर आणि त्याच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी एका टेबलाशीं समोरासमोर कॉफी पीत बसतात. रॉबर्ट डी नीरो आणि अल् पचिनो हे ते दोन नट. पुन्हां गांठ पडली तर एकमेकांवर गोळी झाडावी लागेल, हें दोघेही जाणून आहेत, आणि तरीही दोघांच्या नजरेंत परस्परांविषयीं आदर आहे. संकट दिसतांच अर्ध्या मिनिटांत सोडून जातां येणार नाहीं असें कांहींही जवळ बाळगावयाचें नाहीं, हें त्या दरोडेखोराचें व्रत. असा व्रतस्थ चोर कोणाला आवडणार नाहीं?

2009 सालीं 'पब्लिक एनिमीज' काढल्यावर मॅनचा नवा चित्रपट जवळजवळ सहा वर्षें आला नाहीं. मग 16 जानेवारी 2015 रोजीं 'ब्लॅकहॅट' अमेरिकेंत झळकला. विषय संगणकीय गुन्हेगारीचा. दिग्दर्शकाचें वय बाहत्तरीला टेकलेलें. खर्च सुमारें 7 कोटी डॉलर झाला आणि साऱ्या जगांतून परत आले ते 2 कोटींहूनही कमी. सामान्य प्रेक्षकानें पाठ फिरविली हें एक वेळ समजूं शकतें. पण ज्यांनीं सहा वर्षें वाट पाहिली त्या भक्तांतच फूट पडली. एक पक्ष म्हणाला, म्हातारा थकला. तुरुंगांतून सोडवून आणलेला हॅकर म्हणून ख्रिस हेम्सवर्थसारखा पहिलवान उभा केला, संवाद पुटपुटल्यासारखे, प्रेमप्रकरण तर आकाशांतून पडल्यासारखें. दुसरा पक्ष लहान, पण चिवट. चित्रांकडे पाहा, असें तो सांगे. रात्रीचें हाँगकाँग, जकार्ताची गर्दी, आणि यंत्रांच्या जाळ्यांत हरवलेलीं माणसें असें दुसऱ्या कोणी दाखविलें आहे?

माझा भाचा बोईसरच्या एका कारखान्यांत नोकरीला आहे. तो पहिल्या पक्षाचा. "मामा, 'हीट' काढणाऱ्या माणसानें हें काढावें?" असें म्हणत त्यानें तो चित्रपट मला आपल्या संगणकावर दाखविला, तो मीं नापास करावा याच हेतूनें.

पण पहिल्याच प्रसंगानें मी खिळून राहिलों. हाँगकाँगजवळचें एक अणुवीज केंद्र. कॅमेरा संगणकाच्या पोटांत शिरतो. तारांतून प्रकाशाचे कण मुंग्यांच्या रांगेसारखे धांवत जातात. मनुष्य कोठेंच नाहीं. मग थंड पाण्याचे पंप बेफाम फिरूं लागतात आणि स्फोट होतो. श्रोतेहो, आमच्या गांवाच्या उत्तरेस थोड्याच कोसांवर तारापूरचें अणुवीज केंद्र आहे. 1969 सालीं तेथून वीज मिळूं लागली तेव्हां मी प्राथमिक शाळेंत होतों. भाच्याच्या मतें या प्रसंगाला फार वेळ लागतो. मला तो फारच थोडा वाटला.

येथें भीति पसरविण्याचा माझा हेतु नाहीं. अशा केंद्राचें नियंत्रण करणारीं यंत्रें बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवलेलीं असतात. 2019 सालीं तामिळनाडूंतील कुडनकुलम केंद्राच्या कार्यालयीन कामाच्या एका संगणकांत घातक प्रणाली सांपडली, तेव्हांही नियंत्रणयंत्रणा वेगळी असल्याचें अणुवीज महामंडळानें सांगितलें होतें. तरी पण इराणच्या नातान्झ येथील यंत्रें बिघडविणारी 'स्टक्सनेट' नांवाची प्रणाली 2010 सालीं उजेडांत आली, आणि तीही अशा तोडून ठेवलेल्या जागींच पोंचली होती. मॅनला या चित्रपटाची कल्पना त्याच वार्तेवरून सुचली. म्हणजे थकलेला म्हातारा वर्तमानपत्र तरी नीट वाचीत होता!

भक्तांची सर्वांत मोठी तक्रार खलनायकाविषयीं आहे. तो शेवटाकडे दिसतो, आणि दिसतो तेव्हां अगदींच सामान्य: स्थूल, दाढीवाला, कंटाळलेला. व्रत नाहीं, रुबाब नाहीं. भाचा म्हणाला, "अशा माणसाचा राग तरी कसा यावा?" येथें मला माझी एक लाजिरवाणी हकीकत सांगणें भाग आहे. गेल्या पावसाळ्यांत एके दुपारीं मला मोबाइलवर एक हांक आली. बोलणारा अत्यंत नम्र. "काका, आपलें हयातीचें प्रमाणपत्र अपुरें राहिलें आहे, पेन्शन अडकूं नये म्हणून फोन केला." चाळीस वर्षें मुलांना वाचलेलें पुन्हां वाचा म्हणून बजावणाऱ्या मास्तरानें, मोबाइलवर आलेला ओटीपी एकदांही नीट न वाचतां त्याला सांगितला. 38,000 रुपये गेले. त्या संध्याकाळीं भाच्यानें 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदविली. पैसे अद्याप आलेले नाहींत.

पैशांपेक्षां मला एका गोष्टीनें छळलें. आमच्या किनाऱ्यावर कोणाचें जाळें नाहींसें झालें तर चिखलांत पाऊल उमटतें, कोणीतरी होडी पाहिलेली असते, संध्याकाळपर्यंत नांव निघतें आणि चार शिव्या देऊन मन मोकळें होतें. या चोराला मीं शिव्या द्याव्या कोठें तोंड करून? तो जवळ होता कीं हजार कोसांवर, एकटा कीं दहाजण, हें मला मरेपर्यंत कळणार नाहीं. म्हणून तो कंटाळलेला दाढीवाला पाहतांच मला वाटलें, हें खरें आहे. भाच्याला आणि त्याच्या पक्षाला कॉफीच्या टेबलाशीं बसणारा चोर हवा होता. आणि मॅननें त्यांना सांगितलें कीं तो टेबल आतां उरलेला नाहीं. ही वार्ता आणणाऱ्यावर ते रागावले.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून निसटलेली दिसते. त्या मनुष्याला मलेशियांतील कथलाच्या खाणी पाण्याखालीं बुडवून कथलाच्या सट्ट्यांत पैसा करावयाचा आहे. त्यासाठीं लागणारा पंप अणुकेंद्रांतल्या पंपाच्याच जातीचा. म्हणजे अणुकेंद्राचा स्फोट ही केवळ रंगीत तालीम! यावर असंभाव्यतेचा आक्षेप घेणाऱ्यांना पुण्याच्या कॉसमॉस बँकेची आठवण द्यावीशी वाटते. ऑगस्ट 2018 मध्यें, दोन दिवसांच्या कारवाईंत, सुमारें 94 कोटी रुपये गेले. त्यांतले बरेचसे अनेक देशांतल्या एटीएम यंत्रांतून काढले गेले, आणि जवळजवळ 14 कोटी हाँगकाँगमधील एका खात्यांत पोंचले. बोलपटापेक्षां ही हकीकत अधिक असंभाव्य आहे.

दोष नाहींत असें नाहीं. प्रेमप्रकरणाविषयीं मी भाच्याच्याच पक्षाचा आहें, आणि पुटपुटलेले संवाद माझ्या कानांना तर मुळींच लागले नाहींत. मॅननेंही पुढें कबूल केलें कीं पटकथा पुरती तयार नसतां चित्रण सुरू केलें, आणि दोष आपला. उत्तरपत्रिका दिल्यावर ती परत मागून घेणारा विद्यार्थी मीं कधीं पाहिला नव्हता; यानें तेंही केलें. 2016 सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत त्यानें आपली नवी जुळणी दाखविली. तींत सोयाबीनच्या वायदेबाजारावरचा हल्ला आधीं येतो आणि अणुकेंद्र पुढें मध्यावर. ती जुळणी 2023 सालीं तबकडीवरही निघाली, आणि रुसलेल्यांपैकीं कांहीं पुन्हां पाहावयास बसले.

आमच्या भाच्यानेंही ती नवी जुळणी मिळविली. कोठून, हें मीं विचारलें नाहीं. आजच्या विषयाला तो प्रश्न फार अडचणीचा झाला असता. आम्ही दोघांनीं ती पाहिली. घटनांचा क्रम आतां पटतो असें त्यानें कबूल केलें. मला मात्र पहिलाच क्रम बरा वाटतो, तारापूरच्या शेजाऱ्याला वाटणारच. अखेर तो दाढीवाला पडद्यावर बोलूं लागला तसा भाच्यानें चित्रपट थांबविला आणि जरा संकोचून विचारलें, "मामा, तुमचा तो माणूस असाच बोलत होता का हो?"

"नाहीं रे," मीं म्हटलें, "त्याचें मराठी फार शुद्ध होतें."