नाकातले थेंब : तीन दिवसांचा पाहुणा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला उभे राहायचे म्हणजे विषय भारदस्त हवा, असा आपला समज असतो. मी मात्र आज आपल्यापुढे नाकाविषयी बोलणार आहे. हसू नका. मी डॉक्टर नाही, परिचारिका नाही. तीन वर्षे नाकात घालावयाच्या थेंबांच्या आहारी गेलेली आणि त्यांतून सुटलेली एक गृहिणी, एवढाच माझा अधिकार. आपल्या चिटणीसबाईंनी बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा आधी मला लाज वाटली. परंतु यंदाच्या हळदीकुंकवाला सहज विषय निघाला आणि आमच्याच आळीतल्या तिघींनी आपापल्या पिशवीतून तशीच बाटली काढून दाखविली. मग माझी लाज पळाली.

आपल्या रत्नागिरीत नाकाला उसंत म्हणून नाही. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, कपाटातल्या लुगड्यांना आणि गाद्यांना कुबट वास सुटतो. त्या ओलीत बुरशी वाढते, आणि डोळ्यांना न दिसणारे धुळीतले बारीक किडेही वाढतात. गणपतीच्या आधी माळा झाडायचा, तेव्हा वर्षाची धूळ अंगावर. पुढे भाताच्या झोडणीचा भुसा, पौष-माघात मोहोर आणि पहाटेचा गारठा, आणि त्यामागून भाजावळीचा धूर. तेव्हा नाक चोंदले नाही अशी बाई आपल्या गावात सापडणे कठीणच.

माझीही सुरुवात अशीच झाली. गणपतीचे दिवस, घरात पंधरा माणसे, मोदकांची उकड चुलीवर, आणि माझी दोन्ही नाके बंद. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि बजावले, "पाच दिवसांच्या वर घालू नका." ते वाक्य माझ्या कानांनी ऐकले, पण नाकाने काही ऐकले नाही. दोन थेंब घातले आणि पाच मिनिटांत नाक असे मोकळे झाले, की मांडवीच्या बंदरावर उभी राहून वारा घेते आहे असे वाटले. गणपती गेले, सर्दी गेली, बाटली राहिली.

पहिल्या वर्षी ती महिना-दीड महिना पुरे. रात्री निजताना दोन-दोन थेंब, एवढेच. पुढे दुपारच्या वामकुक्षीला लागू लागले. मग पहाटे. तिसऱ्या वर्षी दिवसातून सहा-सात वेळा थेंब पडत आणि बाटली आठवडाभरात रिकामी होई. एक उशाखाली, एक स्वयंपाकघरातल्या फडताळात आणि एक पिशवीत. एस.टी.त बसले आणि बाटली घरी राहिली असे आठवले, की जीव घाबरा होई. एकदा आषाढातल्या रात्री बाटली संपली, तर ह्यांना छत्री घेऊन मारुती मंदिरापर्यंत पिटाळले. बाहेर पाऊस धो-धो कोसळत होता. हे भिजून परत आले, बाटली माझ्या हाती ठेवली आणि म्हणाले, "तुझी आजी तपकिरीची डबी हरवली की असेच घर डोक्यावर घेत असे, म्हणतेस ना?" मला राग आला, कारण बोलणे खरे होते.

माझे डोळे उघडले ते नातवामुळे. अडीच वर्षांचे पोर माझ्या खाटेवर खेळत होते. उशाखालची बाटली त्याला सापडली आणि तिचे टोक त्याने तोंडात घातले. टोपण घट्ट होते आणि सूनबाईंचे लक्ष गेले, म्हणून निभावले. त्याच दिवशी आम्ही दोघी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितले ते ऐकून माझे पाय लटपटले. ह्या जातीचे औषध लहान मुलाच्या पोटात एक-दोन मिलिलिटर गेले, तरी मूल गुंगीत जाऊ शकते, नाडी मंदावते, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली ह्याबद्दल सर्वांना सावध केले होते. एक-दोन मिलिलिटर म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नव्हे! आणि ती बाटली मी उशाखाली, मुलाच्या हाताला येईल अशी ठेवीत होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. नाकात दिवा धरून पाहिले आणि म्हणाल्या, "काकू, तुमची सर्दी केव्हाच बरी झाली. आता नाक चोंदते आहे ते ह्या थेंबांनीच."

हे कसे, ते त्यांनी मला सांगितले तसे तुम्हांला सांगते. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मऊ पाळ्या असतात. त्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. सर्दी झाली, की त्या वाहिन्यांत रक्त भरते, पाळ्या फुगतात आणि वाट बंद होते. नाक चोंदते ते शेंबडाने कमी आणि ह्या सुजेने जास्त. म्हणून तर कितीही शिंकरले तरी मोकळे होत नाही. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन अशा नावांची ही औषधे त्या वाहिन्या आवळून धरतात. पाळ्या चपट्या होतात, वाट उघडते. आठ-दहा तासांनी औषधाचा जोर ओसरतो आणि वाहिन्या पुन्हा सैल पडतात. चार दिवस हे चालले तर बिघडत नाही. परंतु रोज रोज आवळलेल्या वाहिन्या पुढे औषधाला दाद देईनाशा होतात. आणि औषध उतरले, की पूर्वीपेक्षा अधिक फुगतात. मग अधिक थेंब, मग अधिक सूज. घडा आपणच भरायचा आणि पाणी वर आले म्हणून आपणच ओरडायचे! डॉक्टरांच्या शास्त्रात ह्या दुखण्याला स्वतंत्र नाव आहे, रायनायटिस मेडिकामेंटोसा. म्हणजे औषधाने झालेला नाकाचा दाह.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. निरोगी नाकातसुद्धा दोन्ही बाजू सारख्या मोकळ्या नसतात. काही तास डावी बाजू थोडी मिटते, काही तास उजवी. आपल्याकडे योगाभ्यासी लोक डावा स्वर आणि उजवा स्वर म्हणतात ते हेच. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली ह्याचे वर्णन करून ठेवले आहे. थेंबांची सवय लागलेली माणसे ह्या साध्या मिटण्यालाही दुखणे समजतात आणि बाटली काढतात. मीही तेच करीत होते.

नाक चोंदणे एवढ्यावरच हे भागत नाही. नाकाची आतली त्वचा कोरडी पडते, खपल्या धरतात, रक्त येते, वास येईनासा होतो. औषध थोडे रक्तातही उतरते. म्हणून रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड वाढलेला किंवा डोळ्यांतला काचबिंदू असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे थेंब घालू नयेत. घरातल्या ज्या वडीलधाऱ्या पुरुषांना लघवी अडण्याचा त्रास आहे त्यांनीही नाही, आणि पोटुशी बाईने तर नाहीच नाही. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांशीही ह्यांचे जमत नाही. मला रक्तदाबाची गोळी चालू होती. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ह्या थेंबांबद्दल मी तीन वर्षांत एका अक्षराने सांगितले नव्हते. नाकातले औषध ते काय सांगायचे, असे वाटे.

लहान मुलांबद्दल तर हात जोडून सांगते. मोठ्यांचे थेंब मुलांच्या नाकात कधीही घालू नका. सर्दीची गोड पातळ औषधेही मनाने देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन ही दोन औषधे एकत्र असलेले मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश आपल्या देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला आहे. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची आणि कापूर चोळण्याची आपल्याकडे चाल आहे, तीही आता सोडू या. तेल श्वासाबरोबर छातीत उतरते, आणि कापूर बाळाला विषासारखा बाधू शकतो.

आता सुटावयाचे कसे, ते सांगते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदम बंद करायचा धीर होत नसेल, तर एक नाकपुडी आधी सोडवू." उजव्या नाकपुडीत त्या दिवसापासून थेंब बंद, डावीत रात्रीपुरते चालू. म्हणजे एका वाटेने तरी श्वास मिळतो आणि जीव घाबरा होत नाही. त्याबरोबर त्यांनी स्टेरॉइडचा फवारा दिला. स्टेरॉइड म्हटले की आपण दचकतो. पण नाकातल्या फवाऱ्यात त्याचे प्रमाण फार थोडे असते आणि त्याची अशी सवय लागत नाही. तो लगेच नाक उघडीत नाही. रोज नेमाने घेतला, तर काही दिवसांनी गुण दिसतो. फवारा मारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने धरावयाचे. हा फवारा मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

दिवसातून तीन-चार वेळा मिठाच्या पाण्याचे थेंब घालीत असे. हे दुकानात तयार मिळतात आणि त्यांची सवय लागत नाही. बाटल्या मात्र दिसायला सारख्याच, म्हणून बारीक अक्षरे वाचून घ्यावी. वाचता येत नसतील तर नातवंडांकडून वाचून घ्यावी. जलनेती करणाऱ्या बायकांनी पाणी उकळून गार केलेलेच वापरावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी तसेच नाकात घेऊ नये. केरळात २०२४ आणि २०२५ साली पाण्यातल्या अमीबामुळे मेंदूज्वराने माणसे दगावली. हा अमीबा नाकावाटेच मेंदूत शिरतो. तेच पाणी प्यायल्याने तो होत नाही.

पहिल्या तीन रात्री कठीण गेल्या, हे लपवीत नाही. दोन उशा घेऊन अर्धवट बसूनच निजले. घसा कोरडा पडे, तांब्या उशाशी ठेवी. दुसऱ्या रात्री दोन वाजता उठून फडताळापर्यंत गेले. बाटली तिथे नव्हती. सूनबाईंनी सगळ्या बाटल्या कुलपात ठेवून किल्ली आपल्या कनवटीला लावली होती. सासूच्या हातून किल्ल्या गेल्याचे दुःख पुष्कळ बायका सांगतात. मला त्या किल्लीचे उपकारच वाटतात. सहाव्या-सातव्या दिवशी उजव्या नाकपुडीतून बारीकसा वारा जाऊ लागला. दहा-बारा दिवसांत ती चांगली मोकळी झाली. मग डावीचेही थेंब थांबविले, आणि एकूण महिनाभरात दोन्ही वाटा खुल्या झाल्या. प्रत्येकीला तेवढेच दिवस लागतील असे नाही. कुणाला कमी, कुणाला अधिक. परंतु इतक्या वर्षांची सवय असूनही नाक सुधारते, हे मी अनुभवाने सांगते.

ज्यांचे नाक तरीही मोकळे होत नाही, त्यांनी खचून जाऊ नये; मूळ कारण शोधावे. नाकाचा मधला पडदा वाकडा असतो, आत कोंब वाढलेले असतात, धुळीची किंवा बुरशीची बाधा असते. माझ्या बाबतीत गाद्यांची धूळ हे मूळ निघाले. आता उशांचे अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुते, गाद्यांना कडक ऊन दाखविते, आणि माळा झाडताना नाकाला फडके बांधते.

वाफ घेतल्याने बरे वाटते, जरूर घ्यावी. पण उकळत्या पातेल्यावर मुलांना वाकवू नये, भाजण्याचे अपघात होतात. ओव्याची पुरचुंडी हुंगावी, सुंठेचा काढा घ्यावा. त्याने सर्दी एका दिवसात जात नाही. पण चार-आठ दिवसांत ती आपल्या पायांनी जाते, तोवर सोबत होते.

हे थेंब वाईटच, असे माझे म्हणणे नाही. नाक गच्च बंद आहे, झोप नाही, तर मोठ्या माणसाने तीन दिवस, फार तर पाच दिवस घालावे. आपली जुनी म्हण आहे ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई! ह्या पाहुण्याला तोच नियम लावा. बाटली उघडली, की तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहा. पाच दिवस झाले की ती घरातून बाहेर गेली पाहिजे. आणि तिची जागा मुलांच्या हाताला न लागणाऱ्या वरच्या फळीवर. उशाखाली कधीही नाही.

शेवटी एक सांगते आणि बसते. थेंब सोडल्यावर पहिला उन्हाळा आला. आमच्या मागल्या खोलीत गवतात आंब्याची आढी घातली होती. तीन वर्षे मी ती आढी नुसती हाताने चाचपून पाहत असे. पिकले की नाही ते सूनबाईंना विचारावे लागे. त्या दिवशी दुपारी माजघरात तांदूळ निवडीत बसले होते आणि एकाएकी हापूसचा वास आला. मी हाक मारली, "सूनबाई, आढी उघडा, आंबे झाले!" त्या धावत आल्या, गवत बाजूला केले, आणि खरोखरच वरचे पाच-सहा आंबे पिवळे झाले होते. कोकणातल्या बाईला ह्याहून अधिक काय सांगावे?

आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपली उशी उचलून पाहावी, एवढीच विनंती.