मायकेल डिलन आणि शल्यविद्या

१९१७ सालीं एका भाजलेल्या खलाशाचा चेहरा सुधारतांना हॅरॉल्ड गिलीज या शल्यविशारदास एक युक्ति सुचली. कातडीची पट्टी समूळ न तोडतां तिची नळी शिवावयाची. आंत रक्त खेळतें राहतें, आणि टप्प्याटप्प्यानें ती नळी दुसऱ्या जागीं नेतां येते. याच विद्येचा आधार पुढें मायकेल डिलन यांस मिळाला.

डिलन १९१५ सालीं लंडन येथें जन्मले. त्यांस मुलगी म्हणून वाढविलें, पण ते स्वतःस पुरुषच मानीत. १९४२ मध्यें त्यांचे स्तन काढले, १९४४ मध्यें जन्मनोंद बदलली. नंतर १९४६ ते १९४९ या काळांत गिलीज यांनीं निदान तेरा शस्त्रक्रिया करून त्यांस पुरुषेंद्रिय घडवून दिलें. तेव्हां डिलन डब्लिनला वैद्यक शिकत होते! परीक्षेच्या नुसत्या धास्तीनें अंथरूण धरणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत. १९५८ सालीं वर्तमानपत्रांनीं त्यांचें गुपित फोडलें. डिलन भारतांत आले आणि १९६२ सालीं डलहौसी येथें वारले.

आज पुढल्या हाताची कातडी रक्तवाहिन्यांसह उचलून सूक्ष्मदर्शकाखालीं जोडतात. मात्र मूत्रमार्ग गळण्याचा किंवा आकसण्याचा धोका राहतो. कोणी औषधानें वाढलेला मूळ अवयवच मोकळा करून घेतात. त्यांत संवेदना टिकते, लांबी थोडी. कित्येकांस छातीची शस्त्रक्रिया पुरेशी वाटते. कोणी कांहींच करून घेत नाहींत, आणि ओळख सांगण्यासाठीं शस्त्रक्रियेचा आग्रह धरणें बेकायदा आहे, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं म्हटलें.