यंत्राने मांडलेला पूर्वपक्ष



ऐन वैशाखात घरचा पंखा सोडून व्याख्यानाला येऊन बसणारे श्रोते हे पुण्याचे वैभव आहे, आणि त्यांच्यापुढे उभे राहणे हे वक्त्याच्या वाट्याला आलेले संकट आहे. त्यातून मी वक्ता नव्हे. माझी उभी हयात पंप करणाऱ्या एका कारखान्यात गेली आणि तिच्यातली शेवटची अठरा वर्षे नव्या मालाचे प्रस्ताव वाचण्यात गेली. एखादी नवी वस्तू का काढायची, ती कोण घेईल, खर्च किती येईल, हे सारे कागदावर मांडून वरिष्ठांपुढे ठेवावयाचे, याला आम्ही प्रस्ताव म्हणत असू. आता हेच काम चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड अशा नावांची यंत्रे चहा गार होण्याच्या आत करून देतात. त्यांच्याविषयी मी बोलावे असे चालकांनी सुचविले. यंत्राच्या पोटात काय चालते ते सांगण्याचा माझा अधिकार नाही. त्याने लिहिलेले कागद मात्र मी वाचले आहेत, आणि त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

आपण ज्या भागात बसलो आहोत त्याचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली. त्या अण्णांच्या हातून झालेला एक प्रस्ताव मला येथे आठवतो. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्याकडे टपालाने आली होती. त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषण तयार करावयाचे म्हणून ती पुस्तिका पुन्हा हाती घेतली गेली, आणि हिंदुस्थानात स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे ही कल्पना त्या भाषणात मांडली गेली. १९१६ साली ते विद्यापीठ सुरूही झाले. पुस्तिका तीच, वाचणारा तोच. मधल्या काळात फरक पडला तो एवढाच की, आता लिहावे लागणार होते. ज्याला स्वतः लिहावे लागते तो वेगळ्या डोळ्यांनी वाचतो, असे माझे मत आहे. हे मत माझे. अण्णांच्या नावावर मी ते खपवीत नाही.

आमच्या कारखान्यात एक प्रस्ताव लिहावयास तीन आठवडे लागत. तेव्हा आम्ही कुरकुरत असू. पण त्या तीन आठवड्यांत लिहिणाऱ्याला स्वतःलाच निम्मी भोके सापडत. खर्चाचा तक्ता मांडताना कळे की ओतीव काम परवडत नाही. गिऱ्हाइकाविषयी दोन ओळी लिहिताना कळे की आपण एकाही गिऱ्हाइकाला भेटलेलो नाही. लिहिण्याचा त्रास हीच तपासणी होती. आता त्रास गेला, त्याबरोबर तपासणीही गेली, आणि कागद मात्र पूर्वीपेक्षा देखणा झाला.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीजवळच राहणाऱ्या दोन मुली माझ्याकडे आल्या. दोघीही अभियंत्या. एकीने नोकरी सोडली होती आणि दुसरीच्या वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून देण्याची तयारी दाखविली होती. म्हणजे खेळ पोरखेळ नव्हता. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत पाणी किती आहे ते ओळखून सेक्रेटरीच्या मोबाइलवर निरोप पाठवणारे एक उपकरण त्यांनी केले होते. त्याबरोबर चौदा पानांचा प्रस्ताव होता. "काका, जरा नजर टाका," म्हणाल्या.

मी नजर टाकली. इतकी शुद्ध आणि इतकी आत्मविश्वासाने भरलेली चौदा पाने मी नोकरीत कधी पाहिली नव्हती. पुण्यात अशा उपकरणांची बाजारपेठ किती कोटींची आहे, हा आकडासुद्धा होता. मी विचारले, "अगं, हा आकडा कुठून आणलास?" त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. आकडा यंत्राने घातला होता. यंत्रालाच आधार विचारला तर त्याने एका अहवालाचे नाव सांगितले, आणि त्या नावाचा अहवाल पुष्कळ शोधूनही मिळाला नाही. हा या यंत्रांचा प्रसिद्ध दोष आहे. पुढचा शब्द कोणता शोभेल हे पाहत ती लिहितात. जेथे आकडा शोभतो तेथे आकडा येतो. मी पुढे विचारले, "बरं, तुमच्या इमारतीत पाणी किती वाजता येतं आणि मोटर कोण लावतं?" याचेही उत्तर चौदा पानांत नव्हते.

येथे यंत्राची निंदा करून टाळ्या घेणे सोपे आहे. ते मी करणार नाही. अमेरिकेत २०२३ साली व्हार्टन विद्यालयातील काही अभ्यासकांनी एक प्रयोग केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी, पन्नास डॉलरांच्या आतली नवी वस्तू सुचवावयाची होती. दोनशे कल्पना विद्यार्थ्यांच्या, दोनशे यंत्राच्या. कोणती वस्तू विकत घ्याल असे लोकांना विचारले, तेव्हा सर्वांत पसंत पडलेल्या चाळीस कल्पनांपैकी पस्तीस यंत्राच्या निघाल्या. नावीन्याच्या बाबतीत माणसे किंचित पुढे राहिली, पण किंचितच. तेव्हा यंत्राला काही सुचत नाही असे म्हणणाऱ्याने जरा जपून बोलावे. कल्पना आता स्वस्त झाली आहे. महाग राहिले आहे ते तिच्यातले टाकाऊ कोणते हे ओळखणे.

मग या ओळखण्याच्या कामी यंत्राला का जुंपू नये? मुलींनी तेही करून पाहिले होते. "या प्रस्तावावर टीका कर," असे सांगितल्यावर यंत्र म्हणाले की प्रस्ताव उत्तम आहे, आणि तीन गुळगुळीत सूचना केल्या. हे यंत्र मुळात आर्जवी आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या एका सुधारित आवृत्तीने वापरणाऱ्यांची इतकी खुशामत सुरू केली की कंपनीला ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. मला याचे नवल वाटले नाही. आमच्या कारखान्यात साहेबांच्या आवडीचा एक पंप निघाला होता. बैठकीत आम्ही नऊ जण होतो आणि नऊही जणांनी माना हलवल्या. त्यांत माझी एक होती. त्या पंपाचे सुटे भाग पुढे कित्येक वर्षे गोदामात पडून होते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हा मनुष्यस्वभाव ठाऊक होता. मीमांसकांनी अधिकरणाची जी अंगे सांगितली त्यांत विषय आणि संशय यांच्यानंतर लगेच पूर्वपक्ष येतो, सिद्धान्त त्याच्यामागून येतो. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मांडता आले असते त्याहून जोरकसपणे मांडावयाचे आणि मगच आपले तोंड उघडावयाचे. यंत्राला मत विचारू नये, त्याला पूर्वपक्ष करावयास सांगावे. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००७ साली असाच एक उपाय सुचविला: योजना फसली आहे असे आधीच धरून चाला आणि ती कशाने फसली ते प्रत्येकाने लिहा. "फसेल का?" असे विचारले तर लोक सभ्यपणा पाळतात, "फसली, कशाने?" असे विचारले की बोलू लागतात.

मी मुलींना म्हटले, हे चौदा पानी वैभव बाजूला ठेवा. तुम्ही दोघींनी हाताने एक पान लिहा: वस्तू कोणती, कोणासाठी, आज तो माणूस काय करतो, आणि किमतीला तो हो का म्हणेल. त्या एका पानाला दोन दिवस लागले आणि दोघींचे एकदा भांडणही झाले. मग ते पान यंत्रापुढे ठेवून सांगितले: "तू साठ बिऱ्हाडांच्या पंचवीस वर्षे जुन्या सोसायटीचा खजिनदार आहेस. नवा खर्च म्हटला की तुझ्या कपाळाला आठी पडते. हे उपकरण तू घेतलेस आणि वर्षभरात भंगारात टाकलेस. का टाकलेस ते सांग. स्तुती नको."

यंत्राचा सूर एकदम बदलला. त्याने अकरा कारणे दिली. सेक्रेटरी दरवर्षी बदलतो, मग निरोप कोणाच्या मोबाइलवर जाणार? हमीची मुदत संपल्यावर दुरुस्ती कोण करणार? टाकी भरली की आपोआप बंद होणारा साधा तरंगता व्हॉल्व्ह थोडक्यात मिळतो, मग हे कशाला? सर्वसाधारण सभेत मंजुरी मिळेपर्यंत तुमचे भांडवल टिकेल का? अकरांपैकी सात मुद्दे असे होते की मी अठरा वर्षांच्या अनुभवावर त्यांत फारशी भर घालू शकलो नसतो. एक मुद्दा मात्र असा होता की हिवाळ्यात नळातले पाणी गोठेल, त्याची व्यवस्था काय? कर्वेनगरात पाणी गोठण्याची वाट पाहत बसलो तर उपकरणच काय, आम्हीही गंजून जाऊ. पण यंत्राचे वाचन कोठले आहे, ते त्या एका प्रश्नावरून कळले. त्याने जग वाचले आहे, पण बहुतेक इंग्रजीतून आणि बहुतेक थंड देशांतले.

आणि जे कोणी लिहिलेच नाही ते यंत्र वाचणार कोठून? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर किती खोल जातो याचा हिशेब कागदावर करता येत होता. ही समजूत कोणत्याही कागदावर नव्हती, ती बांधावरच्या बोलण्यात होती. आज ती पुस्तकांत आली आहे, त्यामुळे आज यंत्र तुम्हाला ती बिनचूक सांगेल. आजच्या शेतकऱ्याच्या मनातली समजूत सांगणार नाही.

म्हणून यंत्राचे अकरा मुद्दे वहीत उतरवून मुली सोसायट्यांतून हिंडल्या. पहिल्याच इमारतीतल्या वॉचमनमामांनी त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले आणि सांगितले, "ताई, वरची टाकी भरली की मला पाइपाच्या आवाजावरनं कळतं. कळत नाही ती खालची. खालची संपली अन् मोटर कोरडी फिरली की जळते. मग बोलणी मला बसतात." ज्या टाकीवर त्यांनी उपकरण बसवले होते ती टाकी चुकीची होती! यंत्राच्या अकरा मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर माझ्याही ध्यानात तो आला नव्हता. मी तर पंपाचा मनुष्य.

तेथून निराळेच उपकरण झाले. जमिनीखालच्या टाकीचे पाणी तळाशी गेले की मोटर बंद पाडणारे. मोबाइलवरचा निरोप गेला. त्याच्या जागी वॉचमनच्या खोलीबाहेर एक तांबडा दिवा आला, कारण मामांनी तोच मागितला.

येथे मला पुन्हा अण्णांकडे यावयाचे आहे, नाहीतर यंत्राला आक्षेप विचारावे आणि आक्षेप आले की कल्पना सोडून द्यावी, असा समज होईल. १९१६ चा तो प्रस्ताव आज यंत्रापुढे ठेवला तर ते काय सांगेल? पदवीला सरकारची मान्यता नाही, मग मुली कशाला येतील? पैसा नाही. विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मातृभाषेतून शिक्षण देण्याचे तत्त्व ठरले आहे, पण इंग्रजी सक्तीचे ठेवणे गांधीजींनाही पसंत नाही. यांतला एकही आक्षेप खोटा नव्हता. विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी १९२० साली आली, आणि कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडले. म्हणजे पदवीच्या मान्यतेचा तो पहिला आक्षेप पस्तीस वर्षे खरा होता. यंत्राने अण्णांना तो अचूक सांगितला असता, आणि अण्णांनी तरीही विद्यापीठ काढले असते असे मला वाटते. काय बिघडेल हे यंत्राला विचारता येते. ते बिघडलेले सोसून आपण चालणार की नाही, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही; त्याला काही सोसावे लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आपला मसुदा यंत्रात घालताना तो कोणाच्या गोदामात जातो याची चौकशी करा. २०२३ साली सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या आतल्या गोष्टी चॅटजीपीटीत घातल्या, तेव्हा कंपनीला आपल्या माणसांवर बंदी घालावी लागली. गिऱ्हाइकांची नावे, खर्चाचा तक्ता आणि ज्यावर पेटंट घ्यावयाचे ते आराखडे घरात ठेवावे. आक्षेप मागावयास त्यांची गरज पडत नाही.

त्या मुलींचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आजवर चार इमारतींत उपकरण बसले. त्यांतल्या एका सोसायटीने ते परत केले, कारण खजिनदार बदलला. दुरुस्ती कोण करणार, या आक्षेपाला अजून धड उत्तर मिळालेले नाही. सध्या रविवारी त्या दोघी स्वतः पिशवी घेऊन जातात. वडिलांच्या निधीतली निम्मी रक्कम लागली, निम्मी अजून बँकेत आहे. ती काढावी की नाही याविषयी त्यांनी परवा मला विचारले. मी म्हटले, बाबांना विचारा, आणि विचारायला जाताना आक्षेपांची ती वही बरोबर न्या.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे.