हुंडी ते संकेतशब्द : व्यवहारातील दक्षता



खामगाव, मलकापूरच्या बाजारपेठांत ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केला, त्यांना हुंडी हा शब्द परका नाही. शहाजोग हुंडीची रक्कम कोणाही आणणाऱ्याच्या हाती पडत नसे. बाजारात ज्याची पत मान्य आहे अशा शहामार्फतच ती चुकती होई आणि हुंडी खोटी वा चोरीची निघाल्यास रक्कम परत करण्याचे दायित्व त्या शहावर येई. मूळ हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ नावाची दुसरी प्रत लिहून दिली जाई. तीही हरवली तर ‘परपेठ’. घेणाऱ्याची ओळख पटवणे आणि हरवल्याची वार्ता विनाविलंब पोहोचवणे, या दोन खांबांवर तो सारा व्यवहार उभा होता.

आज रक्कम मोबाइलवरून क्षणार्धात पोहोचते; खांब मात्र तेच आहेत. बँकेच्या संगणकाला खातेदाराचा चेहरा ठाऊक नसतो. ज्याच्याजवळ संकेतशब्द, म्हणजे पासवर्ड, आणि मोबाइलवर येणारा ओटीपी आहे, तोच त्याच्या लेखी खातेदार. तिजोरीची किल्ली हरवल्यास ती हाताला लागत नाही म्हणून तरी कळते. संकेतशब्द चोरीस गेला तरी तो मालकाजवळ जसाच्या तसा राहतो आणि चोरी लक्षात येत नाही.

एप्रिल 2005 मध्ये पुण्यात उघडकीस आलेले प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. सिटीबँकेच्या अमेरिकेतील काही ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात उघडलेल्या बनावट खात्यांत वळवण्यात आले. पोलिसांच्या तपासानुसार, ग्राहकांना दूरध्वनीवर साहाय्य करणाऱ्या कॉल सेंटरमधील काही जणांनी गोड बोलून विश्वास संपादन केला आणि गुप्त क्रमांक त्या ग्राहकांकडूनच काढून घेतले. कुलूप फोडण्याची गरजच पडली नाही. आज केवायसी, वीजबिल वा बक्षिसाच्या नावाने येणाऱ्या दूरध्वनींची रीत याहून वेगळी नाही.

म्हणून पहिला नियम असा की संकेतशब्द, पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नयेत. विचारणारा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवत असला तरीही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. ही एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांच्या ध्यानी राहिली तरी पुष्कळ हानी टळेल. जन्मतारीख, दुकानाचे नाव किंवा आराध्याचे नाव व त्यापुढे 108 असा संकेतशब्द ओळखीच्या माणसाला सहज तर्काने सापडतो. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब संकेतशब्द लक्षात राहतो आणि फोडण्यास अवघड जातो. बँकेचा आणि ई-मेलचा संकेतशब्द कदापि एक नसावा, कारण ई-मेल ज्याच्या हाती गेला तो इतर अनेक खात्यांचे संकेतशब्द बदलून घेऊ शकतो. ते लिहून ठेवणे आवश्यकच वाटले, तर कागद तिजोरीत असावा. गल्ल्यावर किंवा मोबाइलच्या कव्हरात नव्हे.

एवढी दक्षता घेऊनही चोरी झाली तर काय करावे? येथे एक कठोर सत्य सांगणे भाग आहे. व्यापारी माणसाला रकमेपेक्षा पतेची काळजी अधिक असते. ‘आपण फसलो हे गावात कळले तर लोक काय म्हणतील?’ या विचाराने गृहस्थ गप्प बसतो, मुलांनाही सांगत नाही, आणि जो तास रक्कम वाचवू शकला असता तोच लाजेपायी जातो. हुंडी हरवल्याची वार्ता लगोलग कळवणे हे आपल्या पूर्वजांना लाजिरवाणे वाटले नाही. तो व्यवहाराचा रिवाजच होता.

केंद्र सरकारने 2021 मध्ये आर्थिक सायबर फसवणुकीसाठी मदतवाहिनी सुरू केली; तिचा क्रमांक पुढे 1930 झाला. तेथे तक्रार नोंदताच ज्या खात्यात रक्कम गेली त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असल्यास रोखून धरता येते. चोर ती एका खात्यातून दुसऱ्यात वेगाने हलवत असतात, म्हणून प्रत्येक मिनिटाला मोल आहे. त्याचबरोबर बँकेला कळवून खाते व कार्ड बंद करावे, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा, दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून प्रथम ई-मेलचा व मग बँकेचा संकेतशब्द बदलावा आणि बुलडाण्याच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. मोबाइलची सेवा अकस्मात बंद पडली, तर सिमची दुसरी प्रत कोणी काढली नाही ना, हे कंपनीकडे विचारावे. ‘शुल्क भरा, गेलेली रक्कम मिळवून देतो’ म्हणणारा हा बहुधा दुसरा ठग असतो.

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने आणि सहकारी बँकांसाठी 14 डिसेंबर 2017 रोजी हे तत्त्व घालून दिले : दोष ग्राहकाचा वा बँकेचा नसून अन्यत्र असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही, संकेतशब्द स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि त्यानंतरचे बँकेचे. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून चालू नियम आपल्या शाखेतून समजून घ्यावेत. चूक आपली असली तरी दाद मागता येते. पुण्यातील एका उद्योजकाने फसव्या ई-मेलला उत्तर दिल्यानंतर त्याच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून 80 लाखांहून अधिक रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निवाडा करणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याने 2013 मध्ये बँकेला 45 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. उद्योजकाचा निष्काळजीपणा पाहून पूर्ण रक्कम दिली नाही. पण म्हणून त्याला रिक्त हस्ते परतही पाठवले नाही.

संस्थांनी याहून अधिक जागरूक असावे. दानाची रक्कम समाजाची ठेव आहे. धनादेशावर जशा दोन सह्या, तसा ऑनलाइन व्यवहार एकाने नोंदवावा व दुसऱ्याने मंजूर करावा. दोघांचा संकेतशब्द एकच असेल तर दुसरी सही केवळ नावापुरती उरते. पदाधिकारी बदलताच संकेतशब्द आणि बँकेतील मोबाइल क्रमांकही बदलावेत.

शेवटचा मुद्दा तरुणांसाठी. थोड्या कमिशनच्या मोहाने आपले बँक खाते दुसऱ्यास वापरू देणे ही आज पसरलेली घातक रीत आहे. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, स्पष्ट गणले आहे. कायद्याचा दंड त्यानंतरचा.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्यात : ई-मेलचा संकेतशब्द बदलावा, आणि 1930 हा क्रमांक घरातील सर्वांना सांगून ‘फसवले गेलात तर रागावणार नाही, पण तत्क्षणी सांगा’ असा शब्द द्यावा.