संगीताची पदवी आणि व्यापारी घर



बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाने वाणिज्य शाखेऐवजी संगीत हा मुख्य विषय घेण्याची इच्छा व्यक्त केली, की व्यापारी घरात एकच प्रश्न उपस्थित होतो : पुढे काय? गादीवर बसून उधारी-वसुली सांभाळणाऱ्या पित्याचा हा प्रश्न रास्तच आहे.

तथापि संगीताचे संस्थागत शिक्षण हे आजकालचे खूळ नव्हे. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी बडोद्यास १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. पुढे ती तेथील विद्यापीठात समाविष्ट झाली. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पं. विष्णु नारायण भातखंडे तर वकिलीची सनद घेतलेले गृहस्थ! घराण्यांनी जपून ठेवलेल्या बंदिशी त्यांनी महत्प्रयासाने मिळविल्या, स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९२६ मध्ये लखनौस त्यांच्या पुढाकाराने निघालेले मॅरिस कॉलेज २०२२ मध्ये राज्य विद्यापीठ झाले. वर्ग आणि छापील पुस्तक नसते, तर सामान्य घरातील मुलामुलींना ही विद्या इतकी सुलभ झाली नसती.

मात्र पदवीच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. यमनचा आलाप तासाची घंटा ऐकून थांबत नाही. मींड, गमक स्वरलिपीत पुरतेपणी उतरत नाहीत. कापड मीटरने मोजता येते, पण पोत बोटांनाच कळतो. तसेच हे आहे. यास्तव पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ललित कला केंद्राने आपल्या नावातच ‘गुरुकुल’ हा शब्द घेतला, ते अत्यंत योग्य झाले. रागशास्त्र, ताल, इतिहास विद्यापीठ शिकवू शकेल. रियाज घरीच करावा लागतो.

मैफलीवर घर चालविणारे कलावंत थोडेच. अध्यापन, साथसंगत, ध्वनिमुद्रण हे अधिक संभाव्य मार्ग. ज्याला न उठवता पहाटे तानपुरा घ्यावासा वाटतो, त्याला अडवू नये. केवळ हिशेबाचा कंटाळा म्हणून जो गाण्याकडे वळतो, त्याने बी.कॉम. करावे आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदपर्यंतच्या परीक्षा सोबत द्याव्यात. त्यात कमीपणा नाही.

प्रवेशअर्जावर सही करण्यापूर्वी पित्याने संगीत विभागात जाऊन एक वर्ग स्वतः ऐकावा. शिकविणारे स्वतः गातात का, विद्यार्थ्याचा चुकलेला स्वर थांबवून दुरुस्त करतात का, तबल्याची साथ रोज मिळते का, एवढे पाहून यावे.