कूतच्या वेढ्यातील अनाम चेहरे



ज्या फौजेच्या नावातच आपल्या पुण्याचे नाव गोवलेले होते, त्या सहाव्या पुणे डिव्हिजनने १९१४ च्या नोव्हेंबरात बसरा घेतला, तैग्रिसच्या काठाकाठाने ती बगदादच्या अलीकडे टेसिफोनपर्यंत जाऊन भिडली, आणि तेथून माघारी फिरल्यावर ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात जी कोंडली गेली, ती १४४ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, शस्त्रे खाली ठेवूनच बाहेर पडली. एकशे तीन, एकशे दहा आणि एकशे सतरा या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या.

त्या मोहिमेची छायाचित्रे आज लंडनच्या युद्धसंग्रहालयात जपलेली आहेत; काही अधिकाऱ्यांच्या खिशातल्या कोडॅकने टिपलेली, तर काही सरकारने नेमलेल्या छायाचित्रकारांची. त्यांतले एक मला विसरता येत नाही. शरणागतीनंतर सुमारे अकराशे आजारी व जखमी शिपायांची तुर्कांशी अदलाबदल झाली. त्यांच्यापैकीच असावा असा एक हिंदी जवान उघड्या अंगाने कॅमेऱ्यासमोर आहे, आणि त्याच्या देहावर हाडे व कातडी यांवाचून काही उरलेले नाही. शिधा संपत आला तेव्हा घोड्याचे मांस वाटले जाऊ लागले, पण धर्मभयाने आणि गावी परतल्यावर जातीबाहेर पडण्याच्या धास्तीने बहुतेक हिंदी शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याने बिनतारी यंत्राने मागवली, तरी पुष्कळांची तयारी झाली नाही, आणि त्यांच्यात स्कर्व्ही फैलावली. हे ठाऊक असलेला माणूस त्या चित्राकडे केवळ कीव करून पाहू शकत नाही. त्या बरगड्यांमागे एक निग्रहही होता, तो शहाणपणाचा होता की नाही हा वाद निराळा. धडधाकट कैद्यांना वाळवंटातून पायपीट करवून रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर जुंपण्यात आले. त्यांतले पुष्कळजण परतले नाहीत.

पण त्या जवानाचे नाव काय? चित्राखाली ते नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या समूहचित्रांखाली हुद्द्यासह नावे सापडतात, शिपायाच्या चित्राखाली फार तर पलटणीचा उल्लेख. बसऱ्याच्या स्मारकानेही हीच रीत पाळली: अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांचा पलटणवार केवळ आकडा दिला. आणि आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत सरकारने बसवलेल्या शिळा तरी काय सांगतात? या गावातून महायुद्धास इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, बस्स. नावे आहेत ती दप्तरात: मृतांच्या याद्यांत, जेथे बापाचे नाव, मौजे, तालुका, जिल्हा अशी बारकाईने नोंद केलेली असे, कारण वारसाला पेन्शन द्यायची तर कारकुनाला हे सारे लागे. चेहरा एकीकडे, नाव दुसरीकडे, आणि दोहोंची गाठ घालून देणारा माणूस बहुधा हयात नाही.

अशा वेळी आपल्या गावच्या एखाद्या नावावर म्युझियमातला कोणता तरी चेहरा बेधडक चिकटवण्याचा जो मोह हल्ली दिसतो, तो मला मान्य नाही. त्याने एका शिपायाचे स्मरण होत नाही, दोघांचा अपलाप होतो. काम करायचे ते घरच्या चित्रांवर. पलटणीच्या गावी, छावणीलगतच्या स्टुडिओत, पडद्यापुढे ताठ उभे राहून काढवून घेतलेले, पुढे देव्हाऱ्याशेजारी टांगलेले आणि कधी पेटीच्या तळाशी गेलेले असे एखादे चित्र आपणांपैकी कोणाच्या घरी असेल, तर घरातल्या वृद्ध माणसाला विचारून त्याच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने नाव, बापाचे नाव, पलटण आणि मौजे लिहून ठेवा. शाई कागदातून पुढे उमटते, म्हणून शिसपेन्सिलच वापरा.